ब्लूजच्या पायावर हार्ड रॉक, शब्द मराठी: गाडी नक्की कुठे अडते?

बर्डीबेंड
नमस्कार मंडळी. आम्ही चौघं नागपूरचे. दोन गिटार, एक बेस, एक ड्रम. गातो मीच, कारण बाकीचे तिघं तयार नाहीत. आजवर लोकांची इंग्रजी गाणी वाजवली, आता स्वतःचं एक मराठी गाणं करायला घेतलंय. विषय २३ सप्टेंबर २०२३ ची पहाट, अंबाझरी ओसंडून नाग नदी लोकांच्या घरात शिरली ती.

रिफ, म्हणजे गिटारचा पुन्हापुन्हा येणारा तुकडा, तयार आहे आणि आमच्या मते दणदणीत आहे. पट्टी जी. सरळ ब्लूजचा बारा बारचा साचा (एक बार म्हणजे चार ठोके): चार बार जी, दोन सी, दोन जी, मग डी, सी, जी आणि फिरून यायला डी. वाजवताना अंगावर येतो. पण मी तोंड उघडलं की खाली रॉक आणि वर भावगीत. ड्रमर म्हणतो मराठी या कामाची भाषाच नाही. मला हे मान्य नाही, पण त्याला उत्तरही देता येत नाहीये. पहिलं कडवं असं आहे:

अंधारलेल्या नभातुनी या वेदनांचे मेघ ओथंबले
निद्रिस्त नगरीच्या उंबऱ्याशी काळाचे जल थांबले

चाल चुकतेय, शब्द चुकतायत, की माझा गळा? स्पष्ट सांगा. फक्त हसू नका.

तर्री_जास्त
हसू नका म्हटल्यावर तर हसलोच बे. "काळाचे जल थांबले". भाऊ, अंबाझरीचं पानी थांबलं असतं तर एवढं लफडं झालं असतं काय?

पेठेतला_पाहुणा
तुमच्या ड्रमरशी सहमत. इंग्रजीत एका मात्रेचे तुटक शब्द भरपूर, शिवाय कुठे जोर द्यायचा ते ठरलेलं. ते ठोक्यावर आपटतात. मराठीत प्रत्ययांची शेपटी. "वेदनांचे" म्हणेपर्यंत ठोका पुढे निघून जातो. हिंदीतही रॉक जेमतेमच जमतं. उगाच ओढाताण कशाला?

ढोलकीतोड
@पाहुणा, आपल्या विदर्भातली खडी गंमत ऐकली आहे का कधी? डफ, तुणतुणं, ढोलकी आणि शाहिराचा तो चढा आवाज. त्यात प्रत्ययही असतात आणि शब्द ठोक्यावर असे आपटतात की पत्रा हलतो. भाषेवर ढकलू नका. कविसंमेलनाची भाषा आणि चावडीची भाषा यात जमीन-अस्मानाचा फरक असतो.

मंद्रसप्तक
सुरांबद्दल थोडं बोलते. गळ्याची शंका काढून टाका, कारण ब्लूजची सुरावट आपल्या कानाला परकी नाहीच. मायनर पेंटाटॉनिक म्हणजे सा, कोमल ग, म, प, कोमल नि. हा सरळ धानी आहे. त्यात तीव्र म चाटून गेलात की ब्लूजचा तो आंबटपणा येतो. याहून मजेची गोष्ट गंधाराची. ब्लूजमध्ये खाली कॉर्डात शुद्ध ग वाजत असतो आणि गाणारा वर कोमल ग लावतो, किंवा दोन्हींच्या मध्ये कुठेतरी रेंगाळतो. आपल्याकडे जोग रागात दोन्ही गंधार आहेत, चढताना शुद्ध, उतरताना कोमल. त्यामुळे "जोग गा" असं मी म्हणणार नाही, तसं केलंत तर फ्यूजन होईल आणि फ्यूजनचा मला कंटाळा आहे. पण कोमल गंधारावर ठोकळ्यासारखं उभं राहू नका, तो थोडा वर ढकला. गिटारवर तार ओढून तुम्ही हेच करता, मग गळ्याने करायला काय हरकत आहे?

बर्डीबेंड
@मंद्रसप्तक, वा! गिटारवर तो पाव सूर आपोआप ओढला जातो आणि गाताना मी हार्मोनियमसारखा सपाट. आज करून बघतो.
@तर्री_जास्त, तुला नंतर बघतो.

जुना_रॉकर
सगळे सूर आणि भाषेत शिरलेत, कडव्याचा हिशेब कुणीच केला नाही. बारा बारचे तीन तुकडे पाडा, प्रत्येकी चार बार. जुन्या ब्लूजमध्ये गाणारा चारपैकी साधारण दोन-सव्वादोन बार गातो आणि गप्प बसतो. उरलेल्या जागेत गिटार त्याला उत्तर देते. मग तीच ओळ पुन्हा, पण आता खाली कॉर्ड बदललेली, म्हणून तीच ओळ वेगळी वाटते. तिसऱ्या तुकड्यात नवी ओळ, जी आधीच्या दोन्हींचा हिशेब चुकता करते. एक ओळ दोनदा, मग टोला.

तुमचं कडवं याच्यावर ठेवून बघा. दोन लांबलचक ओळी, चारही बार काठोकाठ भरलेले. गिटारने बोलायचं कधी? रिफ तुमच्या शब्दांखाली गुदमरतोय, म्हणून भावगीत वाटतंय. भाषा बदलून हे सुटणार नाही, अर्धे शब्द उडवा.

आणि एक. हार्ड रॉकवाल्यांनी ब्लूजमधून बारा बारपेक्षा हा सवाल-जवाबच जास्त उचलला. बारा बार पुष्कळांनी सोडून दिले, एकाच रिफवर मुक्काम ठोकला. ब्लूजवाला जॉन ली हूकर तर एकटा वाजवताना बार मोजायचाच नाही, वाटेल तेव्हा कॉर्ड बदलायचा, साथीदारांची दमछाक व्हायची. त्याचं काय बिघडलं?

ढोलकीतोड
सवाल-जवाब! मग फडावर चला की मालक, शिकागोला कशाला जाता.

निळाई
धागा छान चाललाय, पण एक शंका. ब्लूज हे अमेरिकेतल्या काळ्या लोकांच्या वाट्याला आलेल्या जगण्यातून निघालेलं गाणं. गुलामी कायद्याने संपली, तरी मिसिसिपीच्या खोऱ्यात कापसाच्या शेतावर अर्धलीने राबणं आणि सावकाराचं खातं संपलं नाही. ब्लूज गायक-गिटारवादक मडी वॉटर्स १९४३ मध्ये तिथून शिकागोला गेला आणि तिथल्या गोंगाटात ऐकू जावं म्हणून गिटार विजेवर घेतली. पुढे इंग्लंडातल्या गोऱ्या पोरांनी ते उचललं, आवाज वाढवला, पैसा केला. आता आपण त्यांच्याकडून उचलतोय. हे करताना निदान मूळ कुणाचं ते लक्षात असावं.

तर्री_जास्त
कापूस तर आपल्याकडं पन हाये ना ताई. वऱ्हाडात काय कमी रडगानं हाये काय.

निळाई
@तर्री_जास्त, हीच वाट घसरडी आहे. दोन्हीकडे कापूस आहे म्हणून दुःख एक होत नाही. आणि धागाकर्ते वऱ्हाडातल्या शेतकऱ्यावर गाणं करत नाहीयेत, पुरावर करतायत, ते बरंच आहे. दुःख उसनं आणू नका एवढंच म्हणते. मी उत्तर नागपुरात वाढले. आमच्याकडे भीमगीतांच्या रात्री व्हायच्या, वामनदादा कर्डकांची गाणी आजही होतात. त्यात वेदना आहे, पण कुणी "वेदना" म्हणत बसत नाही. सरळ कुणी काय केलं ते सांगतात. मुख्य गायकाने ओळ टाकली की मागचे उचलतात. तुम्हाला हवं ते तुमच्याच गावात चालू आहे.

जुना_रॉकर
निळाईंशी सहमत, आणि हा प्रश्न कोर्टापर्यंतही गेलेला आहे. ब्लूज गीतकार विली डिक्सनने १९८५ मध्ये इंग्लंडातल्या लेड झेपेलिन या हार्ड रॉक बँडवर दावा लावला होता, १९६९ च्या गाण्यातले शब्द त्याने मडी वॉटर्ससाठी लिहिलेल्या गाण्यातून उचलले म्हणून. १९८७ मध्ये तडजोड झाली आणि पुढे त्याचं नाव श्रेयात आलं. तेव्हा पोरांनो, रिफ कुठून "सुचला" ते एकदा तपासून घ्या.

बर्डीबेंड
@निळाई, मुद्दा घेतला. पूर आमचाच आहे. आमच्या बेसवाल्याचं घर डागा लेआउटच्या बाजूला, तळमजला. त्याच्या बाबांनी अर्धी रात्र ओट्यावर बसून काढली.

अनामिका_खामला
पुराचा विषय निघालाच आहे तर हे सांगायलाच हवं. लेड झेपेलिनचं १९७१ चं "व्हेन द लेव्ही ब्रेक्स" हे पुराचंच गाणं. मूळ १९२९ चं, मेम्फिस मिनी आणि कॅन्सस जो मॅकॉय या जोडीचं. १९२७ मध्ये मिसिसिपीला महापूर आला होता, त्यावर. म्हणजे ब्लूज गाण्याचं हार्ड रॉक कसं होतं हे बघायला तुमच्या विषयाइतका चांगला नमुना दुसरा नाही. मूळ गाणं दोन गिटारी आणि आवाज, बस. नव्या गाण्यात ड्रमच पूर झालाय.

तो ड्रमचा आवाज हॅम्पशरमधल्या हेडली ग्रेंज नावाच्या जुन्या घरात मिळाला. ड्रम खाली प्रवेशाच्या मोकळ्या जागेत, जिन्यापाशी, आणि वरच्या मजल्यावरून दोन माईक खाली सोडलेले. जवळ माईक लावलेच नाहीत. त्यावर इको, आणि टेपचा वेग कमी केल्याने सगळं जड झालेलं. तुमच्याकडे जिना आहे ना?

रेकॉर्डिस्ट_रिकामटेकडा
जिना सगळ्यांकडे असतो. पण त्या घराचा जिना उंच, मोकळा. आपल्या फ्लॅट स्कीममधला जिना म्हणजे टाइल्सचं भुयार. तिथे ड्रम वाजवलात तर स्नेअर टणटण करत राहील. गाद्या लटकवा, माईक दीड मजला वर न्या आणि दुपारी दोन ते चारमध्ये उरका. सोसायटीच्या अध्यक्षांना आधी सांगा. न सांगता केलेलं एक रेकॉर्डिंग माझ्याकडे आहे, त्यात दुसऱ्या कडव्यानंतर एका काकूंचं मनोगत स्पष्ट ऐकू येतं. बाकी सगळं गढूळ, काकू एकदम क्लिअर.

आता गिटारबद्दल. गेन, म्हणजे आवाज फाडणारं बटण, कमी करा. वाजवताना खोलीत जेवढा लागतो त्याच्या निम्मा रेकॉर्डिंगला पुरतो. हार्ड रॉकमध्ये नुसता सा आणि प दाबून पॉवर कॉर्ड का वाजवतात? डिस्टॉर्शनमध्ये दोन सूर एकत्र गेले की त्यांची बेरीज-वजाबाकी होऊन आणखी सूर तयार होतात. सा-पचं प्रमाण २:३, त्यातून निघणारे सूर पुन्हा घरातलेच. गंधार मिसळला की चिखल होतो. जी सेव्हनचा पूर्ण कॉर्ड (सा, ग, प, कोमल नि) फुल गेनवर वाजवून बघा, कळेल. म्हणून एका गिटारने पॉवर कॉर्डवर रिफ धरायचा आणि दुसरीने स्वच्छ आवाजात वरचे दोन-तीन सूर चावायचे. सेव्हन्थचा रंग तिथून येऊ द्या.

बर्डीबेंड
दोन गिटारींची वाटणी आवडली. सध्या दोघंही तेच वाजवतोय, जोरात. एक वेगळी कटकट आहे. आमची खोली वरच्या मजल्यावर, पत्र्याखाली. कूलरशिवाय बसणं अशक्य. माझी गिटार सिंगल कॉइलची, म्हणजे आजूबाजूच्या विजेची घूं पटकन पकडणारी, कूलर लावला की अँपमधून घूं सुरू होतं.

तर्री_जास्त
मे महिन्यात पत्र्याखाली हार्ड रॉक. तुमचा पूर घामाचाच दिसून राहिला मले.

रेकॉर्डिस्ट_रिकामटेकडा
यावर आनंदाची बातमी. आपली वीज ५० हर्ट्झची. जी चा सूर खालच्या सप्तकात ४९ हर्ट्झ, त्याच्या वरचा ९८. तुमच्या अँपची घूं साधारण ५० आणि १०० वर. म्हणजे तुम्ही जी पट्टी घेतली तेव्हाच कूलर तानपुऱ्याला बसला. किंचित चढा आहे, पण उन्हाळ्यात कोण चढा नसतं. अमेरिकेत ६० हर्ट्झ, त्यांना ही सोय नाही.

मंद्रसप्तक
😂 "किंचित चढा तानपुरा" आमच्या गुरुजींनी ऐकला असता तर कूलर खिडकीतून बाहेर गेला असता.

जुना_रॉकर
थांबा, मी त्यांना गिटार अर्धा सूर उतरवून ई फ्लॅटला लावा असं सांगणार होतो. तारा सैल झाल्या की बेंड सोपे जातात, गाणाऱ्यालाही बरं. पण मग त्याच बोटांचा जी होईल एफ शार्प आणि कूलर पुन्हा बेसूर.

वायरमन_काका
पोरांनो, विनोद पुरे. तारांना हात लावला की घूं कमी होते का? आणि सोडला की वाढते?

बर्डीबेंड
हो काका, अगदी तसंच होतं.

वायरमन_काका
थोडाफार फरक नीट अर्थिंग असतानाही पडतो, त्याने लगेच घाबरू नका. पण पत्र्याची खोली, पाण्याचा कूलर आणि माईकला लागणारा ओठ, एवढं एकत्र आलं की अर्थिंग बघून घेतलंच पाहिजे. पुष्कळ ठिकाणी तिसरी पिन असते, मागे वायरच नसते. कूलर लोखंडी असेल तर आधी त्याचंच बघा. माईक एका बोर्डावर आणि अँप दुसऱ्या बोर्डावर असेल तर दोन्हींच्या मधला दाब तुमच्या अंगातून जातो. सगळं एकाच चांगल्या अर्थिंगच्या बोर्डावर घ्या, तिथे आरसीसीबी (गळती झाली की वीज तोडणारा स्विच) बसवा. १९७२ मध्ये स्टोन द क्रोज बँडचा गिटारवादक लेस्ली हार्वे स्वान्सीत स्टेजवरच शॉक लागून गेला. मला रॉकमधलं एवढंच कळतं, आमच्या लेकाने सांगितलेलं.

अनामिका_खामला
काकांची पोस्ट कुणी तरी वर चिकटवून ठेवा.

पेठेतला_पाहुणा
अर्थिंग झालं, शब्दांचं काय? माझा आक्षेप अजून उभाच आहे. ओळी छोट्या केल्या तरी "भाऊ रे पाणी आलं" छापाचं लोकगीत होईल, रॉक होणार नाही. आणि तर्री पोह्यांवर गाणं केलंत तर किमान खपेल तरी.

तर्री_जास्त
पोह्यावर चना-रस्सा ओततात हे पुण्यात अजून समजायचं हाये, रॉक तर लांबच.

ढोलकीतोड
@पाहुणा, लोकगीत झालं तर रॉक का होणार नाही? मूळ ब्लूज दुसरं काय होतं?

बर्डीबेंड, एक गोष्ट माझ्या डोक्यात घोळतेय. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात मारबत निघते, पीडा सोबत घेऊन जाणाऱ्या पुतळ्यांची मिरवणूक. काळी, पिवळी, मागे बडगे (हेही पुतळेच). पुढचा एक जण ओरडतो, "खासी-खोकला, रोगराई", आणि अख्खी गर्दी, "घेऊन जाय गे मारबत!" मग महागाई, मग भ्रष्टाचार, दरवर्षी नवी यादी, उत्तर तेच. हा सवाल-जवाब महालात, इतवारीत प्रत्येक पोराच्या कानात आहे. आणि २०२३ मध्ये मारबतीनंतर आठ दिवसांतच पूर आला, गणपती बसलेले होते. घेऊन जाय, घेऊन जाय म्हणून ओरडलो आणि पाणी आलं ते सगळं घेऊन गेलं. याहून चांगली धृपदाची ओळ तुम्हाला कुठे मिळणार?

मंद्रसप्तक
अंगावर काटा आला.

निळाई
हे जमलंय. यात उसनं काही नाही. एकच, मारबत ही लोकांची आहे, तिला नुसती गंमत करू नका. यादीत खरी नावं येऊ द्यात: गाळ, नाला, त्यावरचं बांधकाम.

जुना_रॉकर
आणि गर्दीचं उत्तर तुम्हा चौघांच्या गळ्यातून येऊ द्या, एकाच माईकभोवती उभं राहून. सुरात नसेल तर उत्तम.

बर्डीबेंड
दोन दिवस धाग्यावर नव्हतो, काल रात्री बेसवाल्याकडे बसलो होतो. जुन्या ओळी काढल्या. आता असं आहे:

राती आलं पानी भाऊ, पायरी चढून आलं
राती आलं पानी भाऊ, पायरी चढून आलं
बेल नाई वाजवली, शिद्दं फ्रिज घेऊन गेलं

प्रत्येक ओळ दोन बारांत संपते, पुढचे दोन बार गिटारचे. "आलं" वरचा गंधार मंद्रसप्तक यांनी सांगितला तसा ढकलतोय. तीन कडव्यांनंतर बारा बार सोडून देतो, सगळे जी वर थांबतो, नुसता रिफ. त्यावर मी यादी वाचतो, बाकीचे मारबतीचं उत्तर देतात. फ्रिजची ओळ बेसवाल्याच्या आईची आहे. त्या सहज बोलून गेल्या, आम्ही लिहून घेतली.

तर्री_जास्त
हे झालं ना गानं बे!! शिद्दं फ्रिज!! मावशीले श्रेय दे पहिले, नाई तं विली डिक्सन होऊन जाईल.

पेठेतला_पाहुणा
वाचून मनात वाजलं, हे कबूल. ड्रमर काय म्हणतो?

बर्डीबेंड
ड्रमरला आता भाषेबद्दल काही म्हणायचं नाही, शफलबद्दल आहे. त्याला सरळ आठचा ठोका हवाय, मला तीन-तीनचा झुलता.

ढोलकीतोड
शब्द नागपुरी आहेत, ते आपणहून झुलतात. कडव्याला झुलता ठेवा, मारबतीला सरळ करा. गर्दी झुलत नाही, पाय आपटते.

रेकॉर्डिस्ट_रिकामटेकडा
हेच लिहायला आलो होतो. सरळ ठोक्यावर जाताना वेग किंचित वाढला तर वाढू द्या, क्लिक (कानात ठोके देणारं यंत्र) लावू नका. सोलो किती लांब आहे?

बर्डीबेंड
दुसऱ्या गिटारवाल्याच्या मते चोवीस बार.

जुना_रॉकर
बारा. त्यातले पहिले चार त्याने एकाच सुरावर काढावेत, मग बघू.

तर्री_जास्त
मारबतीच्या यादीत सोलो पन टाका.

ढोलकीतोड
रविवारी मोकळा आहे, डफ घेऊन येतो. फक्त मला बारा बार मोजायला लावू नका, सम कुठे येते तेवढं सांगा.

बर्डीबेंड
सम पहिल्या जी वर. तो फ्रिज गेल्यावर येतो. या, पत्ता व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो. आणि काका, इलेक्ट्रिशियन उद्या येतोय, आरसीसीबी किती अँपिअरचा घ्यायचा?

वायरमन_काका
अँपिअर लोडवर ठरेल, ते तो बघेल. गळतीचा आकडा ३० मिलिअँपिअर, त्याहून जास्तीचा दिला तर परत करा. आणि बसवल्यावर टेस्टचं बटण दाबून दाखवायला सांगा.